फोटोत पाय दिसला पाहिजे

सेफ्टी ऑफिसरकडे किस्से ढीगभर साचतात, पण ते सांगायची मोठी पंचाईत असते. ज्या दिवशी साईटवर काहीही झालं नाही, तो आमचा यशाचा दिवस! आता काहीही झालं नाही, याची गोष्ट रंगवून सांगणार तरी कशी? बायको रोज संध्याकाळी विचारते, "काय झालं आज?" मी म्हणतो, "काही नाही." ती म्हणते, "बरं झालं," आणि चहा टाकते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आमचं हे संभाषण काही बदललेलं नाही.

म्हणून मग जे होता होता राहिलं, त्याचे किस्से आम्ही सेफ्टीवाले जमलो की सांगत बसतो. जे खरंच झालं ते कुणी सांगत नाही. माझ्याकडेही तसं एक आहे. आज तेही सांगून टाकतो, कारण त्याच्याशिवाय बाकीच्यांना काही अर्थ नाही.

सध्या मी नागपुरात जरीपटक्याच्या पुढे एका अठरा मजली इमारतीच्या साईटवर आहे. निम्मे कामगार कामठीकडून शेअर ऑटोत दाटीवाटीने येतात. आमची कंपनी मध्यंतरी "डिजिटल" झाली. म्हणजे माझं रजिस्टर गेलं आणि हातात टॅब आला. प्रत्येक हेल्मेटमध्ये एक चिप बसवली, तिला मोबाइलची रेंज लागत नाही. कोण कुठल्या मजल्यावर आहे, ते टॅबवर ठिपक्याच्या रूपात दिसतं. एखादा ठिपका वीस मिनिटं हलला नाही की टॅब कोकलायला लागतो.

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी एकच्या सुमारास टॅब कोकलला. नवव्या मजल्यावर अकरा ठिपके, आणि एकही हलत नाही. अकरा!

मी आणि आमचा सुपरवायझर गजू जिन्याने धावत सुटलो. गजू माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण सहाव्या मजल्यावर तोही धापा टाकायला लागला. नवव्यावर पोहोचलो तर समोर भिंत, भिंतीत ओळीने ठोकलेले अकरा खिळे आणि खिळ्यांवर नीट टांगलेली अकरा हेल्मेटं!

माणसं खाली शेडमध्ये भाकरी खात बसली होती. मी खाली येऊन तोंडाला येईल ते बोललो. सुतारांचे मुख्य रामाजी मिस्त्री शांतपणे घास गिळून म्हणाले, "साहेब, तुमीच तर सांगतलं होतं, हेल्मेट महाग आहे, सांभाळून ठेवा. सांभाळलं!"

सगळे हसले. गजूही हसला. मी तिथेच विटांवर बसलो, कारण माझे पाय थरथरत होते. नऊ मजले चढल्यामुळे थरथरतात असं सगळ्यांना वाटलं, आणि मीही ते तसंच वाटू दिलं.

*

पाय थरथरण्याचं कारण आठ वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा मी दुसऱ्या एका कंपनीत होतो. स्लॅब टाकताना पाइपांसाठी मोठी चौकोनी भोकं ठेवतात, त्यांना आम्ही ओपनिंग म्हणतो. त्यावर जाड प्लाय टाकायचा, तो चारही बाजूंनी खिळ्यांनी ठोकायचा आणि वर लाल रंगाने फुली मारायची. रोज सकाळी प्रत्येक मजल्यावर जाऊन ते पाहायचं आणि रजिस्टरमध्ये सही करायची. हे काम माझं.

त्या दिवशी वरच्या मजल्यांवर चिखल झाला होता. सिमेंटचं पाणी सगळीकडे वाहत होतं. मी केबिनमध्येच बसून सही केली. "सर्व ओपनिंग तपासली, ठीक."

मनोहर नावाचा एक कामगार सहाव्या मजल्यावर प्लाय गोळा करत होता. एक प्लाय मोकळाच पडलेला दिसला. त्याने तो उचलला, दोन्ही हातांनी समोर धरला आणि पुढे पाऊल टाकलं. प्लाय समोर असल्यामुळे त्याला खालचं काही दिसलं नाही. त्याच प्लायखाली ओपनिंग होतं. तो चौथ्या मजल्यावर जाऊन पडला.

दुपारी त्याची बायको आली, सुमनबाई. ऑफिसच्या दारात जमिनीवर बसली. मान खाली घालून तिने एकच प्रश्न विचारला, "साहेब, तुमी सकाळी वर पाहून आले होते काय?"

मी म्हणालो, "हो बाई. सगळं बरोबर होतं."

चौकशी झाली. रजिस्टर पाहिलं गेलं. मृत कामगाराने स्वतःच झाकण काढलं, असा निष्कर्ष निघाला. प्लायला खिळे होते की नव्हते, हे कुणी विचारलं नाही. माझी नोकरी शाबूत राहिली. काही महिन्यांनी मी ती सोडून इकडे आलो, पण झोप काही तिकडून आली नाही.

*

आमचे क्रेन ऑपरेटर रफीकभाई कामठीचे. क्रेनवर वाऱ्याचा वेग मोजणारं नवं यंत्र बसवलं, त्या दिवशी ते खाली उभं राहून त्याच्याकडे बराच वेळ पाहत होते.

आठवड्याभरात एका दुपारी आभाळ भरून आलं आणि यंत्र वाजलं. इंजिनिअरसाहेबांना सळ्यांचा शेवटचा एक गठ्ठा वर घ्यायचा होता. ते यंत्राकडे पाहून चरफडले, पण काम थांबवलं. दहा मिनिटांत असं वादळ आलं की शेडचे पत्रे उडाले.

रफीकभाई खाली उतरले आणि हसत सुटले. मी विचारलं, "काय झालं?"

"साहेब, वीस साल झाले, मी क्रेनच्या टोकावर एक लाल फडकं बांधतो. ते सरळ झालं का मी म्हणतो, बंद करा. तवा सगळे म्हणे, रफीकभाई डरपोक आहे. ही मशीन बी तेच सांगून राहिली, पण तिचं सगळे ऐकून राहिले!" मग फडक्याकडे बोट दाखवून म्हणाले, "गरिबाचा प्रिंटआउट निघत नाही, दुसरं काय."

फडकं अजून तिथेच आहे. यंत्राआधी मी त्याच्याकडेच पाहतो.

*

उन्हाळ्यात हेड ऑफिसने उष्णता मोजायचं मीटर पाठवलं. आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की काम बंद, माणसं सावलीत. नागपूरच्या मे महिन्यात ते दिवसभर वाजत राहणार, अशी माझी खात्री होती. पण मीटर गप्प! आठवडा गेला तरी एकदाही वाजलं नाही. हेड ऑफिसातून शाबासकी आली, तुमच्या साईटवर उष्णतेचं नियोजन उत्तम आहे म्हणून.

आठव्या दिवशी एक गवंडी चक्कर येऊन खाली बसला. डोळे पांढरे केले. त्याला पाणी मारून, उचलून रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. नशिबाने संध्याकाळपर्यंत उठून बसला. परत येऊन मी मीटर शोधायला लागलो. ते गजूने ऑफिसमध्ये कूलरच्या समोर, टेबलावर फडकं अंथरून ठेवलं होतं.

"इथे काहून ठेवलंस गा हे?" माझ्या तोंडून त्याचीच भाषा निघाली.

"साहेब, नाजूक मशीन आहे. बाहेर तपून जाईन ना!"

मी खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बोट दाखवलं. त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग मीटर उचलून तो जिन्याकडे गेला. दुसऱ्या दिवसापासून आमचं दुपारचं काम बंद झालं, पहाटे लवकर सुरू होऊ लागलं. शाबासकीचं पत्र मी फाडून टाकलं.

*

गेल्या वर्षी नव्या कामगारांची तुकडी आली. नवीन माणसाला मी स्वतः हेल्मेट देतो, त्याचा नंबर टॅबमध्ये घालतो. रांगेत सातवी बाई पुढे आली आणि माझा हात थांबला.

"ओळखलं, साहेब?" सुमनबाई म्हणाल्या.

"हो."

त्यांनी हेल्मेट घेतलं, डोक्यावर नीट बसवलं, हनुवटीखालचा पट्टा आवळला आणि बाजूला झाल्या. काम होतं स्लॅबवर पाणी मारायचं. ठेकेदार जिथे नेईल तिथे जायचं, त्यात त्यांची ही साईट आली. एवढंच असेल, असं मी मनाला बजावलं. दिवसातून चार वेळा त्या समोर यायच्या, "नमस्कार साहेब" म्हणायच्या. चार वेळा सांगायचं माझ्या ओठांवर यायचं आणि चारही वेळा मी टॅबमध्ये डोकं घालायचो.

*

मग गॉगल आले. ते डोळ्यांवर चढवले की खोटी साईट दिसते. मान वळवाल तिकडे मजले, बांबू, क्रेन! प्रशिक्षण द्यायला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. रामाजी मिस्त्रींनी गॉगल चढवला आणि खोट्या चौदाव्या मजल्याच्या कडेला येताच खाली बसून गजूचा पाय धरला. सोडेचनात! "उतरवा मले, उतरवा!" साईटभर हशा झाला. चाळीस वर्षं खऱ्या मजल्यांवर चालणारा माणूस तो.

मग सुमनबाईंचा नंबर आला. त्यांना काय दिसतंय, ते बाहेरच्या पडद्यावर आम्हालाही दिसत होतं. एक कामगार चालत येतो. जमिनीवरचा प्लाय उचलतो. समोर धरतो.

मला पुढचं माहीत होतं. मी थांबवू शकलो असतो. मी नाही थांबवलं. मॅडमना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

सुमनबाई जागच्या हलल्या नाहीत. गॉगल तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "याले पुन्हा उभं करता येते काय?"

"हो, रीसेट केलं की परत उभा राहतो."

"करा."

मॅडमनी बटण दाबलं. पडद्यावर तो माणूस पुन्हा चालत आला.

"आता काढा हे," सुमनबाई म्हणाल्या. "तो उभा हाय तवरच काढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ऑफिसात आल्या. "साहेब, ते ओपनिंग पाहाचं काम मले द्या."

मी दिलं.

*

हे काम आता ॲपवर चालतं. प्रत्येक ओपनिंगसमोर जाऊन झाकणाचा फोटो काढायचा. फोटो गेला की लाल चौकोन हिरवा होतो. सुमनबाईंना वाचता येत नाही, पण रंग कळतात. तीन दिवसांत त्या शिकल्या. कुठे खिळा ढिला दिसला की त्याच्यावर बोट ठेवून दुसरा फोटो काढायच्या. रामाजी मिस्त्रींना हाका मारमारून त्यांनी बेजार केलं.

फक्त एक गोष्ट. प्रत्येक फोटोत प्लायच्या कडेला टेकवलेलं त्यांच्या बुटाचं टोक दिसायचं. एकूण एक फोटोत! हेड ऑफिसातून शेरा आला, "कृपया फोटोत पाय येऊ देऊ नये."

गजूने त्यांना समजावलं. "बाई, पाय कायले टाकता वं तुमी? नुसता प्लाय काढा ना!"

सुमनबाई म्हणाल्या, "नुसता फोटो कोणाचा बी राहते, कवाचा बी राहते. पाय दिसला म्हणजे मी तिथं गेली होती."

"पॉइंट आहे!" गजू हसून माझ्याकडे वळला. मी टॅबवरून मान वर केली नाही.

*

मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. टॅब कोकलला. आठवा मजला, एक ठिपका, वीस मिनिटं हललेला नाही. नंबर सुमनबाईंचा.

गजू म्हणाला, "टांगलं असंन हेल्मेट खिळ्यावर. बसा तुमी, चहा येऊन राहिला."

टॅबवर दोन बटणं आली होती. एकावर लिहिलेलं, "जाऊन पाहिले." दुसऱ्यावर, "चुकीचा अलार्म." दोन्ही खुर्चीत बसून दाबता येतात. इतकं महागडं ॲप, पण त्यातही ती सोय ठेवलेलीच आहे! माझं बोट पहिल्या बटणापर्यंत गेलं होतं, हे मी कबूल करतो.

टॅब टेबलावर टाकला आणि जिन्याकडे पळालो. मागून गजू.

आठव्या मजल्यावर लिफ्टच्या भिंतीमागे सुमनबाई मांडी घालून बसल्या होत्या. डोक्यावर हेल्मेट, हातात फोन. समोर ओपनिंग उघडं होतं. शटरिंगच्या साच्यासाठी कुणीतरी प्लाय उचलून नेला होता.

"फोटो जातच नाही, साहेब," त्यांनी फोन दाखवला. स्क्रीनवर गोल चक्र फिरत होतं. "इथं रेंज नाही."

"मग खाली येऊन सांगायचं ना!"

"मी खाली गेली अन् तेवढ्यात कोणी आलं तर? म्हणून बसली." मग थोडं थांबून म्हणाल्या, "हलली नाही म्हणजे तुमचं मशीन वाजते, माहीत होतं मले. तुमी येता का नाही, तेवढं पाहाचं होतं."

गजूला मी प्लाय आणि खिळे आणायला पिटाळलं आणि ओपनिंगच्या दुसऱ्या बाजूला खाली बसलो. मध्ये ते चौकोनी भोक. खालच्या सात मजल्यांतून वारा वर येत होता.

"बाई," मी म्हणालो, "त्या दिवशी मी वर गेलो नव्हतो. खाली बसून सही केली. त्या प्लायला खिळे नव्हते. गेलो असतो तर दिसलं असतं. मनोहरची काही चूक नव्हती."

आठ वर्षं जे बोलता आलं नव्हतं, ते बोलायला अर्धं मिनिटही लागलं नाही. माझे डोळे भरून आले होते. त्यांचे कोरडे होते.

"माहीत हाय," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे?"

"मी खाली बसली होती ना तवा, मान खाली घालून. मले तुमचे जोडेच दिसत होते. वर सगळा गारा-चिखल अन् सिमेंटचं पाणी. पोरीच्या बाबाले खाली आणलं, तर आणणाऱ्या सगळ्याइचे पाय भरले होते. तुमचे जोडे साफ होते."

मी नकळत पाय मागे घेतले. "मग तेव्हाच बोलल्या का नाहीत?"

"कोणाले सांगू? तुमच्याजवळ रजिस्टर होतं. माझ्याजवळ काय होतं? तुमचे जोडे!"

जिन्यावर गजूची पावलं वाजली. सुमनबाई उठल्या, साडीवरच्या शर्टाची धूळ झटकली.

"मले एकटीले सांगून काय फायदा, साहेब? मले तर माहीतच होतं. सगळे म्हणतात, मनोहरनंच झाकण काढलं. माझी पोरगी बी तेच म्हणते, बाबाचं ध्यान नव्हतं म्हणून. सकाळी सगळ्याइसमोर सांगा."

*

आमच्याकडे रोज सकाळी काम सुरू होण्याआधी सगळे कामगार गेटजवळ गोल उभे राहतात आणि मी पाच मिनिटं बोलतो. आज काय काम, कुठे जपायचं, बेल्ट कुठे अडकवायचा. बहुतेक लोक तेव्हा तंबाखू मळत असतात.

दुसऱ्या दिवशी सुमनबाईंनी मुलीला सोबत आणलं होतं. पाठीवर कॉलेजची बॅग. गेटच्या आत यायचं तर हेल्मेट लागतंच. मी तिला पाहुण्यांसाठीचं पांढरं हेल्मेट दिलं. तिने ते घातलं आणि आईच्या शेजारी उभी राहिली.

मी सगळं सांगितलं. कंपनीचं नाव सोडून काहीही वगळलं नाही. मनोहर हे नाव तीनदा घेतलं. तंबाखू मळणारे हात थांबले होते. जुन्या कंपनीला मी आदल्या रात्रीच लेखी कळवलं होतं, तेही सांगितलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. रफीकभाईंनी हेल्मेट काढून छातीशी धरलं. नियमात ते बसत नाही, पण मी टोकलं नाही.

बोलणं संपल्यावर मुलगी पुढे आली. पांढरं हेल्मेट काढून तिने माझ्या हातात दिलं. तिने माझ्या बुटांकडे पाहिलं, आईच्या दंडाला हात लावला आणि गेटबाहेर निघून गेली.

लोक कामाला पांगले. सुमनबाई फोन घेऊन जिन्याशी थांबल्या होत्या.

"चला, साहेब," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी टॅबवर हेड ऑफिसचा शेरा आला. "आठवा मजला, ओपनिंग क्रमांक तीन. फोटोत आता दोन माणसांचे पाय दिसत आहेत. कारण कळवावे."

त्याखाली उत्तरासाठी रिकामी जागा असते. ती मी तशीच ठेवली. मग टॅब बंद केला. बुटांना लागलेलं सिमेंट तोवर वाळून पांढरं झालं होतं. तसेच बूट घालून मी घरी गेलो.